तपकिरी बटण

आमच्या वन्संना खुनी कधीच ओळखता आला नाही. ‘तिसरी चावी’ या मालिकेची तीन पर्वं त्यांनी इस्त्री हातात धरून पाहिली आणि दर वेळी पहिल्याच भागात निकाल देऊन टाकला, “नवऱ्याने केलंय.” मेलेला माणूस ब्रह्मचारी असला तरी कुणाच्या तरी नवऱ्यानेच केलंय, यावर त्या ठाम. शेवटी खुनी निघायचा कधी डॉक्टर, कधी भागीदार, एकदा तर चक्क मोलकरीण. वन्सं नाक मुरडायच्या आणि म्हणायच्या, “लिहिणाऱ्याला अक्कल नाही.” दुसऱ्या पर्वात एकदाच खरोखर नवरा निघाला. तेव्हा आठवडाभर जो कपडे द्यायला येईल त्याला त्यांनी ते ऐकवलं, मालिका न बघणाऱ्यांनाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान त्यांचं, मी त्यांच्या हाताखाली. लग्न होऊन आले तेव्हा लोकांनी मला सांगून ठेवलं होतं, नणंद घरातच असते, जपून राहा, कजाग आहे. कजाग आहेतच, खोटं कशाला बोलू. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला दुकानात नेलं, वाफेची इस्त्री हातात दिली आणि म्हणाल्या, “घरात बसून तुला आणि मला एकमेकींची तोंडं बघायची आहेत का? नाही ना? मग कॉलर आधी, बाही नंतर.” एवढाच काय तो मला सासरी मिळालेला उपदेश.

त्यांची स्वतःची गोष्ट त्या सांगत नाहीत. मला जे कळलं ते नवऱ्याकडून. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच त्या एक बॅग घेऊन माहेरी परत आल्या. का, ते कुणाला सांगितलं नाही. आई रडली, काका-मामा जमले, समजूत घालून झाली, धमकावून झालं. बाई हटली नाही. मग सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकलं, हिचं आता संपलं. ज्या दिवशी हे ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संपलेली ही बाई या दुकानात नोकरी मागायला आली. तेव्हा मालक म्हातारा होता, त्याच्या बोटांना कंप सुटला होता. त्याने हिला रफू शिकवला. पुढे त्याने दुकान हिच्याच गळ्यात टाकलं आणि हा माझा नवरा, तेव्हा शाळेत जाणारा, हिच्या इस्त्रीच्या जिवावर शिकून साहेब झाला.

दुकानाच्या पाटीवर नावाखाली एक ओळ आहे, म्हाताऱ्याच्या वेळेपासूनची. ‘डाग राहणार नाही, फाटकं परत जाणार नाही.’ वन्संनी पाटी दोनदा रंगवून घेतली, पण ओळ बदलली नाही. शर्ट धुवायला आला आणि बगलेत उसवलेला दिसला की गिऱ्हाईक सांगो न सांगो, टाका घालूनच परत जायचा. मी एकदा म्हटलं, “वन्सं, फुकटची हमाली आहे ही.” तर म्हणाल्या, “मग तू नको करूस, मी करते,” आणि तो शर्ट माझ्याच पुढ्यात टाकला.

आता मालिकेचं सांगते. तिचं चित्रीकरण आमच्या भागाजवळच्या एका बंद कारखान्यात चालायचं आणि कपडे धुवायला आमच्याकडे यायचे. कपडेपट सांभाळणारा माणूस, आम्ही त्याला कपडेपटवालेच म्हणायचो, गाठोडी आणून टाकायचा. दुकानाचं अर्धं पोट त्या गाठोड्यांवर भरायचं. अट एकच, आत काय दिसलं ते बाहेर जाता कामा नये. आणि दिसायचं तर सगळंच! कुणाचा शर्ट यायचा बंद झाला की समजावं, तो गेला.

मालिकेत पोलीस खात्यातली एक बाई गुन्हे शोधते. पन्नाशीची, एकटी राहणारी, तोंडाने तिखट. सगळे तिला मॅडम म्हणतात. थंडी असो, ऊन असो, अंगात तोच लांब राखाडी कोट. मोठ्या मालिकांत म्हणे एका कोटाचे चार कोट करून ठेवतात. इथे एकच होता, जुन्या बाजारात मिळालेला, आणि तसलं कापड आता कुठे विणत नाहीत. दुसऱ्या पर्वाच्या आधी त्याचं वरून दुसरं बटण हरवून आलं. पाटीप्रमाणे बटणाशिवाय परत पाठवणं शक्यच नव्हतं. वन्संनी डबा पालथा घातला, जुळणारं काळं मिळेना, शेवटी एक तपकिरी लावून दिलं. कपडेपटवाल्याच्या ते लक्षातही आलं नाही.

लोकांच्या मात्र आलं! दुकानाच्या काउंटरवर संध्याकाळी तिघांची बैठक भरायची. शेजारचा औषधवाला, समोरच्या माडीवरच्या शिकवणीवाल्या बाई, आणि सरकारी कचेरीतला एक कारकून, ज्याला अख्खा रस्ता बातमी म्हणतो, कारण बातमी असो नसो, त्याच्याकडे असतेच. फळीवर आमचा छोटा टीव्ही, काउंटरवर यांची कोपरं, आणि कामाचा खोळंबा. तर दुसऱ्या पर्वात औषधवाल्याने शोध लावला, “बटण बघा! मुद्दाम वेगळं लावलंय. तिच्या मेलेल्या जोडीदाराच्या शर्टाचं असणार.” बातमीने सांगितलं की त्यात कॅमेरा आहे. शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, पहिल्या खुन्याच्या घरातून तिने ते उचललंय, म्हणजे तिला तेव्हाच सगळं माहीत होतं. इंटरनेटवर तर बटणावर लांबच्या लांब चर्चा, हजारो माणसं भांडतायत. वन्सं हे सगळं ऐकत बसल्या, चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मी मात्र हसू आवरेना म्हणून कपड्यांच्या ढिगात तोंड खुपसलं.

तिसरं पर्व संपलं ते मॅडमवर पिस्तूल रोखलेल्या दृश्यावर. गोळीचा आवाज, अंधार, नावांच्या पाट्या सुरू. झालं! काउंटरवर रोज कोर्ट भरायला लागलं.

“गोळी लागलीच नाही,” औषधवाला म्हणाला. “पाळीव पोपटसुद्धा सांगेल. मुख्य पात्र आहे ते.”

“लागली, पण खांद्याला,” शिकवणीवाल्या बाई.

“मरणार,” बातमी म्हणाला. “आतली खबर आहे. वाहिनीला आता तरुण पोरगी हवीय. नवी अधिकारी येणार, मॅडमला पहिल्याच भागात उडवणार. बघणाऱ्यांना म्हाताऱ्या बायका नको असतात म्हणे.”

वन्संनी इस्त्री उभी ठेवली. “म्हातारी झाली म्हणून मारायचं?”

“मी नाही हो मारत. बातमी सांगतोय.”

“तुझ्या तोंडाला कुणीतरी कुलूप घाला,” वन्सं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “बघ, या लोकांना दुसरं काही सुचत नाही. एकटी बाई दिसली की एकतर तिचं लग्न लावायचं, नाहीतर तिला मारायचं. नुसती जगू द्यायला काय होतं गं यांना?”

माझ्या नवऱ्याचं त्याच दिवसांत वेगळं टुमणं चालू होतं. रोज जेवताना तेच. ताई, आता पुरे झालं, दुकान विकून टाक, गुडघे दुखतात तुझे, घरी आराम कर, देवाचं नाव घे. मनात वाईट नव्हतं त्याच्या. पण “आराम कर” हे शब्द तो ज्या सुरात म्हणायचा, त्या सुरात लोक “आवरतं घे” म्हणतात.  वन्सं फक्त ताटावरून लवकर उठायच्या.

आणि एका दुपारी तो कोट आला.

वन्सं तेव्हा बँकेत गेल्या होत्या. कपडेपटवाल्याने पिशवीतून कोट काढून माझ्यापुढे पसरला. डाव्या छातीवर भोक, कडा जाळलेल्या, आणि खालपर्यंत ओघळलेला रक्ताचा लाल डाग. रंगच होता, पण बघवत नव्हतं. तो म्हणाला, “नीट ऐका. गोळी लागते तिथपर्यंत चित्रीकरण झालंय. नदीकाठी मुडदा सापडतो ते परवा करायचंय. अस्तराला घामाचा वास येतोय, नटीबाई कुरकुर करतात. तेवढं अस्तर साफ करा. बाहेरच्या डागाला आणि भोकाला हात लावायचा नाही. लक्षात राहील?” मी म्हटलं, “न राहायला काय झालं?” तो गेला आणि मी कोट पडद्यामागे टांगला.

वन्सं आल्या. मी शब्दन् शब्द सांगितला. त्या पडद्यामागे गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. तेवढ्यात तिघांची बैठक जमली. औषधवाला पैज लावायला निघाला होता की मॅडम जिवंत आहे. तो काउंटरच्या पलीकडे उभा, आणि हाताच्या अंतरावर पडद्याआड तो कोट.  वन्सं बाहेर आल्या, तेव्हा शिकवणीवाल्या बाईंनी विचारलं, “तुम्हाला काय वाटतं? मरेल?”

“मला कधी ओळखता आलंय का?” वन्सं म्हणाल्या, आणि तिघांना हाकलून शटर अर्धं खाली ओढलं.

मग त्यांनी बादलीत गार पाणी काढलं.

“वन्सं, काय करताय? तो नाही म्हणालाय.”

“ऐकलं मी.”

“अहो, काम जाईल हातचं!”

“जाईल.”

मी त्यांचा हात धरला. हो, धरला, कारण माझंही पोट त्या गाठोड्यांवर होतं. त्यांनी तो सोडवला, रागाने नाही. म्हणाल्या, “तू नको लावूस हात. तुला कुणी बोलणार नाही. पण माझ्या दुकानातून ही बाई छातीला भोक घेऊन परत जाणार नाही. त्यांना तिला मारायचंय ना? मारू देत. त्यांच्या हातांनी मारू देत. मी तिला मरणाचे कपडे नेसवून पाठवणार नाही.”

 मी डोक्याला हात लावून स्टुलावर बसले. डाग गार पाण्यात हळूहळू फिका होत गेला. मग कोट वाळल्यावर दुसऱ्या दुपारी त्यांनी आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे ओढून काढले आणि भोकाच्या काठापासून आडवे-उभे विणायला घेतलं. चष्मा नाकावर, मान खाली. मला त्यांचा इतका राग आला होता की सांगायची सोय नाही. आणि तरी सुईत धागा ओवता येईना तेव्हा मीच उठले आणि ओवून दिला. रफू संपला तेव्हा भोक कुठे होतं ते मलाही सापडेना.

कपडेपटवाला कोट न्यायला आला. उघडून बघितला आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. “भोक कुठंय? डाग कुठंय?”

वन्संनी वरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

“पाटी गेली खड्ड्यात! उद्या सकाळी मुडदा आहे माझा! मी या बाईंना स्पष्ट सांगून गेलो होतो.” तो माझ्यावर आला. “सांगितलं होतं की नाही? बोला ना! का विसरलात?”

सुटायची वाट सरळ होती. विसरले म्हटलं असतं तर चार शिव्या खाऊन प्रकरण मिटलं असतं, काम राहिलं असतं. वन्संही माझ्याकडे बघत होत्या, त्यांनी मला अडवलंही नसतं. पण मला एकदम भयंकर संताप आला. त्याचा आला, त्या वाहिनीचा आला, जेवताना “आराम कर” म्हणणाऱ्या माझ्या नवऱ्याचाही आला.

“विसरायला मी काय दूधखुळी आहे?” मी म्हटलं. “तुम्ही सांगितलंत, मी वन्संना सांगितलं. त्या नाही म्हणाल्या. सुईत धागा मी ओवून दिलाय. आता बोला.”

 मग तो जे बोलायचं ते बोलला, आमची अक्कल काढली, काम बंद म्हणाला, आणि कोट काउंटरवर भिरकावून गेला. “ठेवा तुमचा कोट! परत भोक पाडायलासुद्धा नको मला तो, दुसरा शिवून घेतो रात्रीतून!”

वन्संनी कोट उचलला, झटकला आणि हँगरला लावला. मग मला म्हणाल्या, “धागा ओवल्याचं कशाला सांगितलंस? शहाणी कुठली.” पण त्या दिवशी माझ्या वाटणीच्या चादरींची इस्त्री त्यांनीच केली.

घरी जो तमाशा झाला तो विचारू नका. नवरा नुसता थयथयाट करत होता. “एका खोट्या बाईसाठी, ताई? नाटकातल्या बाईसाठी तू चालतं काम घालवलंस?”

“खोटी आहे हे मला कळतं,” वन्सं म्हणाल्या. “मी खरी होते ना? मी परत आले तेव्हा याच घरात बसून सगळ्यांनी माझं संपवलं होतं. तू लहान होतास, दाराआडून ऐकत होतास. तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, तुला संपायचंय का म्हणून. आता तू विचारत नाहीस.”

त्याने मान खाली घातली. पण हट्ट सोडला नाही. नवं पर्व येईपर्यंत कामाचे खरंच हाल झाले. मशीन निम्मा दिवस बंद असायचं. दुकान घेणारा एक माणूसही त्याने शोधून ठेवला, आणि म्हणाला, एकदा भेटायला आणतो, नुसतं भेट. वन्सं म्हणाल्या, “आण.”

नवं पर्व सुरू झालं त्या संध्याकाळी काउंटरवर पाय ठेवायला जागा नव्हती. वन्सं पडद्यामागे. गोळी सुटली, मॅडमच्या छातीवर लाल डाग पसरला, मॅडम पुलावरून खाली. औषधवाल्याने डोळे मिटून घेतले. मग नदीकाठ, चिखलात पालथा पडलेला राखाडी कोट, पोलीस तो उलटा करतात, चेहऱ्यावर ओले केस, आणि ती नवी तरुण अधिकारी टोपी काढून उभी राहते. शिकवणीवाल्या बाई मुसमुसायला लागल्या. बातमीसुद्धा गप्प झाला, म्हणजे बघा.

“थांबा,” औषधवाला म्हणाला. “थांबा, थांबा. बटणं बघा.”

“आता कसली बटणं?”

“सगळी काळी आहेत! तपकिरी कुठंय? गोळी लागली तेव्हा होतं. मी बघितलं, वरून दुसरं. पुलावर होतं आणि चिखलात नाही!”

“कॉलरही बारीक आहे,” शिकवणीवाल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या. “अहो, हा तिचा कोटच नाही!”

“म्हणजे मुडदा दुसऱ्या कुणाचा तरी!” बातमी ओरडला. “मी म्हणतच होतो!”

आणि जो गिल्ला झाला! रस्त्यावरचे लोक दुकानात डोकावायला लागले. बातमीने फोन उघडला तर तिथेही तेच. गावोगावची माणसं चिखलातल्या त्या कोटाची बटणं मोजत बसलेली. मुडदा बदलला, तोंड दाखवलं ते मुखवट्याचं, मॅडम कुठेतरी जिवंत आहे. लिहिणाऱ्याने केवढी हुशारी केली, असंही लोक लिहीत होते. मी पडद्याकडे बघितलं. पडदा हलत नव्हता.

नेमका त्याच गोंधळात माझा नवरा आला, बरोबर दुकान घेणारा माणूस. गर्दीतून वाट काढत त्याने हाक मारली, “ताई! हे आलेत. ये जरा बाहेर.”

पडदा सरला आणि वन्सं बाहेर आल्या. अंगात लांब राखाडी कोट. गुडघ्याच्या खालपर्यंत येत होता त्यांना, बाह्या आत दुमडून टाके घातलेले. वरून दुसरं बटण तपकिरी.

गोंधळ एका क्षणात थांबला. औषधवाला बटणाकडे बघत होता, मग वन्संच्या तोंडाकडे, मग परत बटणाकडे. 

“कुठे निघालीस?” नवऱ्याने विचारलं.

“नवं रुग्णालय उघडलंय, त्यांच्या चादरींचं काम निघालंय. मागायला चालले.” मग त्या दुकान घेणाऱ्या माणसाकडे वळल्या. “तुम्ही उगाच आलात हो. दुकान चालू आहे. कपडे धुवायचे असतील तर हिच्याकडे द्या.”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी काउंटरवरची रिकामी टोपली त्या माणसापुढे सरकवली.

“मॅडम...” शिकवणीवाल्या बाई पुटपुटल्या. कुणाला उद्देशून, ते त्यांनाही कळलं नसावं.

“काय बघताय सगळे?” वन्संनी दरडावलं. “कुणी मेलंबिलं नाही इथे. सरका, वाट द्या.”

गर्दी दोन बाजूंना झाली. वन्संनी ते तपकिरी बटण लावलं, कठडा धरून दुखऱ्या गुडघ्याने पायरी उतरल्या, आणि रस्त्याला लागल्या.